फीतकाप्यांची उशी

आधीच सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटं बोलत असेन तर तोंडात उरलेले दात आत्ता, तुमच्या देखत, माझ्या मांडीवर पडू देत. मागच्या वेळी ती उडणाऱ्या बैलाची गोष्ट सांगितली ती जरा फुगवलेली होती, कबूल. तरी बैल खरा होता. पण ही तशी नाही. पटत नसेल तर साक्षीदार समोर बसलीय, उशीला टाके घालत. माझी धाकटी जाऊ. एका डोळ्यानं काम करते, कारण दुसरा गेला. तो कसा गेला आणि त्याची वसुली मी कशी केली, त्याचीच ही गोष्ट. मांडी घालून बसा आणि मध्ये प्रश्न विचारू नका.

तर आमचं दुकान गाद्यांचं. आमचे दोघींचे नवरे सख्खे भाऊ, आळसात तर जुळेच. धंदा आम्ही दोघींनीच ओढला. कापूस मी पिंजायचा, खोळ मी भरायची आणि टाके हिनं घालायचे. गादीला टाके कशाला लागतात माहितीये ना? नाहीतर आतला कापूस घसरतो, सगळा पायथ्याशी जाऊन बसतो आणि माणूस नुसत्या कापडावर झोपतो. टाका कापसाला जागेवर धरून ठेवतो. हिचा टाका असा की बोट फिरवलं तरी लागायचा नाही. माझा टाका म्हणजे रस्त्यातला खड्डा, गिऱ्हाईक लांबूनच ओळखायचं आणि गाडी दुसऱ्या दुकानाकडं वळवायचं.

या धंद्याची एक खोड आहे. कापसाची आणि काथ्याची बारीक कूस हातावर बसते आणि कोपरापर्यंत लाल पुरळ उठतं. ते कुणाला लागत नाही, दुखत नाही. आमच्या हाताचा तो रंगच आहे म्हणा ना.

आता आमचे साहेब. आम्ही त्यांना फीतकापे म्हणायचो. निवडून आल्यापासून त्यांनी फिती कापण्याशिवाय दुसरं काही केलेलं मी पाहिलं नाही. कोटाच्या वरच्या खिशात स्वतःची कात्री असायची, सोनेरी मुठीची. दुसऱ्याच्या कात्रीवर विश्वास नाही. आमच्याकडं त्यांनी एक दवाखाना बांधला आणि त्याचं उद्घाटन केलं. मग रंग दिला म्हणून पुन्हा केलं. मग डोळ्यांचं एक मशीन आलं म्हणून तिसऱ्यांदा. त्या तिसऱ्या वेळी सगळ्या खाटांवर नव्या गाद्या होत्या, आमच्याच दुकानातल्या. धाकटीनं टाके घालून घालून बोटं सुजवून घेतली होती. फीत कापली, फोटो निघाले, टाळ्या झाल्या. मशीन प्लास्टिकमध्येच राहिलं, कारण ते चालवणारा डॉक्टर काही आला नाही. एक कंपाउंडर तेवढा होता. तोही हाडं, पोट, डोळे, सगळ्यावर एकच पांढरी गोळी द्यायचा.

मग एक दिवस धाकटी म्हणाली, जाऊबाई, डोळ्यापुढं माश्या उडतात. मी म्हटलं, दुकानात माश्यांना काय तोटा आहे? तिनं मान हलवली. डोळे मिटले तरी उडतात म्हणाली. पुढं कोपऱ्यात वीज चमकल्यासारखं व्हायला लागलं, आणि मग एका बाजूनं पडदा ओढल्यासारखा काळोख आत सरकायला लागला. कंपाउंडरकडं नेलं. त्यानं पांढरी गोळी काढली, माझा चेहरा पाहिला आणि परत डबीत टाकली. हळूच म्हणाला, आजी, सीमेपलीकडं न्या, लवकर न्या.

पलीकडचं हॉस्पिटल म्हणजे काय सांगू. काचेचं, थंडगार. आत शिरल्यावर आपल्याच चपलांची लाज वाटावी असं. त्यात एक मजला खास परदेशी पाहुण्यांसाठी. गालिचे, फळांच्या टोपल्या, हसऱ्या पोरी. मी पुढं झाले, म्हटलं आम्हीही परदेशीच, सीमा ओलांडून आलोय. तिथल्या पोरीनं विचारलं, विमानानं की बसनं? बस म्हटल्यावर तिनं जिन्याखालची जागा दाखवली. तिथं आमच्यासारखे बसवाले चादरी टाकून बसले होते. दुपार उतरल्यावर नंबर लागला. एक चष्मेवाली डॉक्टरीण होती, बिचारी घामाघूम. तिनं तपासलं आणि सरळ सांगितलं, पडदा आतून सुटलाय. हा डोळा आठवड्याच्या आत केला तर वाचेल. दुसराही कमकुवत आहे, त्यावर लक्ष ठेवा. तिनं तारीख दिली आणि आम्ही कपडे-पांघरुणं आणायला घरी आलो.

परत निघालो तर सीमेवर नवा नियम. कसलीशी साथ सुरू झाली होती, अंगावर चट्टे उठणारी. बसच्या फाटकावर एक नर्स बसवली होती, हातात टॉर्च. भर उन्हातही टॉर्च मारून बघायची, म्हणून रांगेनं तिचं नाव टॉर्चवाली ठेवलेलं. अंगावर पुरळ दिसलं की माणूस परत. नुसता परत नाही, त्यानं जवळच्या सरकारी दवाखान्यात राहायचं, पुरळ पूर्ण जाईपर्यंत.

तिनं धाकटीची बाही वर केली आणि टॉर्च तिथंच थांबला. मी हातापाया पडले. धंद्याचं सांगितलं, माझे हात दाखवले, कापसाची कूस म्हणजे काय ते समजावलं. ती वाईट नव्हती हो. पण मान हलवून म्हणाली,

"नियम आहे, आजी. माझी आई आली असती तरी सोडली नसती."

हे वाक्य मी कनवटीला बांधून ठेवलं.

तेवढ्यात शेजारच्या फाटकातून काळ्या काचांची गाडी आली. ते फाटक गाड्यांचं. तिथं नर्स नाही, टॉर्च नाही, एक सलाम मारणारा शिपाई. काच खाली झाली. आत आमचे फीतकापे. केस काळे कुळकुळीत, आणि मान? लालभडक. केसांचा रंग सोसला नव्हता, कानापासून कॉलरपर्यंत चट्टे. ते पलीकडं गुडघा दाखवायला निघाले होते. मी धावले, म्हटलं साहेब, आमच्या जावेचा डोळा जातोय, एक शब्द टाका. त्यांनी मान खाजवली, गोड हसले आणि म्हणाले,

"आजी, आपल्याकडं एवढा मोठा दवाखाना बांधलाय तो कुणासाठी? तिकडं जा की."

आणि काच वर. गाडी निघून गेली, लाल मानेसकट.

धाकटीचा डोळा गेला. त्या दवाखान्याच्या पायरीवर, पुरळ जायची वाट बघत बसलो असतानाच गेला. एका संध्याकाळी ती एवढंच म्हणाली, पडदा पूर्ण पडला, जाऊबाई. रडली नाही. रडले मी. आणि रडता रडता ठरवलं की या माणसाला त्या लाल मानेनं रांगेत उभा करेन, नाहीतर नाव सांगणार नाही.

पण कसं करणार? तो राहतो बंगल्यात, फिरतो काळ्या काचेत. माझ्या हातात काय, तर कापूस. पण बघा, देव असला तर कधीतरी जागा होतो. एक दिवस बंगल्यावरून बोलावणं आलं. बोलवायला आला साहेबांचा सेक्रेटरी. त्याचं आम्ही ठेवलेलं नाव होयसाहेब, कारण तो दुसरं काही बोलायचाच नाही. साहेबांचा गुडघा आता पलीकडं कापायचा होता आणि गाडीतला प्रवास सोसत नव्हता. पाठीपासून मांडीखालपर्यंत पुरेल अशी एक खास मऊ उशी हवी होती. कापूस बंगल्यातच आहे, म्हणाला, पाहुण्यांच्या खोलीतल्या जास्तीच्या गाद्या फोडा.

आम्ही गेलो. पाहुण्यांची खोली उघडली. धाकटीनं पहिल्या गादीवर हात ठेवला आणि तिचा हात तिथंच राहिला. एकदा फिरवला, दोनदा फिरवला. मला म्हणाली, माझा टाका आहे. पोटचं पोर गर्दीत ओळखावं तसं ओळखलं तिनं. मी कोपरा उलटा केला तर दवाखान्याचा शिक्का. सगळ्या गाद्या. फीत कापल्याच्या दुसऱ्या दिवशीच उचलून आणल्या असणार. तिकडं रोगी लोखंडी जाळीवर झोपतात आणि इकडं याचे पाहुणे आमच्या टाक्यांवर लोळतात.

माझ्या डोक्यात तिथंच पेटलं. खाजकुयली माहितीये तुम्हाला? नसेल तर देव तुमचं भलं करो. कुंपणावर वेल चढतो, शेंगांना सोनेरी लव. दिसायला मखमल. पण ती लव अंगाला लागली की माणूस स्वतःचं नाव विसरतो. कोरड्या थंडीत मुकाट असते, घाम लागला की चेकाळते. मी म्हटलं, याच्या उशीत कापूस आपला आणि मसालाही आपला. धाकटी घाबरली. भोळी ना ती पहिल्यापासून. म्हणाली, जाऊबाई, पाप लागेल. मी म्हटलं, लागू दे, पुरळ उठलं तर दोघी मिळून खाजवू. मग मी हातांना तेल चोपडलं, प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या, कुंपणं पालथी घातली आणि शेंगा आणल्या. खोळीला विरळ विणीचं कापड घेतलं, म्हणजे वर बसलं की आतून लव हळूच बाहेर डोकावेल. तोंडही मीच शिवलं. इतकं बेमालूम शिवलं की होयसाहेबानं उशी उलटीपालटी करून पाहिली तरी सुरुवात कुठली आणि शेवट कुठला ते त्याला कळलं नाही. साहेबांनी ती गालाला लावून पाहिली, एसीत, आणि म्हणाले, व्वा, आईची मांडी आठवली.

आता जाण्याचा दिवस. आम्हालाही त्याच दिवशी पलीकडं जायचं होतं, कारण धाकटीच्या दुसऱ्या डोळ्यात वीज चमकायला लागली होती. होय, दुसऱ्या. तोच खेळ पुन्हा सुरू. यावेळी तिनं दुकानाला हात लावला नव्हता, हात अगदी बाळासारखे नितळ झाले होते. रांगेत आम्ही पुढं होतो, टॉर्चवाली समोरच होती.

काळी गाडी आली. शिपायानं सलाम मारला. पण साहेबांना रांग दिसली आणि राहवलं नाही, मतं उन्हात उभी होती ना. गाडी थांबवली, काच खाली केली, हात हलवायला लागले. गार हवा बाहेर, ऊन आत. मी मनात म्हटलं, ये बाबा घामा, ये.

आधी खांदा उडाला. मग दुसरा. मग साहेब जागच्या जागी असे वर उडाले की डोकं टपाला आपटलं. दार उघडून बाहेर आले ते नाचतच. कोट गेला एका गाडीवर, टाय गेला कुंपणावर, शर्टाची बटणं रांगेतल्या लोकांनी झेलली. खिशातली सोनेरी कात्री रस्त्यावर खणखणत गेली. लोकांना वाटलं नवीन योजना जाहीर करतायत. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. दुखणारा गुडघा असा उचलत होते की तेव्हा डॉक्टरनं पाहिलं असतं तर ऑपरेशनच रद्द केलं असतं. आणि अंग बघा तर लाल. पाठ, पोट, मांड्या, सगळं चट्ट्याचट्ट्यांचं.

होयसाहेब ओरडला, गाडीत बसा साहेब, दोन मिनिटांत पलीकडं पोचू. शिपाई दांडा वर करायला गेलासुद्धा. मी रांग सोडली नाही. होते तिथूनच टॉर्चवालीला विचारलं, अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असं,

"पोरी, तुझी आई आली असती तर सोडली असतीस का?"

ती माझ्याकडं बघत राहिली. तिला आठवलं. मला वाटतं तिला धाकटीचा डोळाही दिसला, तो गढूळ झालेला. तिनं टॉर्च उचलला, बसच्या फाटकातून बाहेर आली, चालत चालत गाड्यांच्या फाटकात गेली आणि साहेबांच्या उघड्या पाठीवर प्रकाश मारला. भर दुपारी. मग शिपायाला म्हणाली, दांडा खाली घे.

साहेब म्हणाले, मी कोण आहे माहितीये का तुला? ती म्हणाली, पुरळवाला. जवळच्या सरकारी दवाखान्यात जायचं, पुरळ पूर्ण जाईपर्यंत.

रांगेत असा हशा पिकला म्हणता. मी तर हसून हसून खालीच बसले. आणि तेवढ्यात भोंगा वाजला. पलीकडच्यांनी दुर्बिणीतून सगळा नाच पाहिला होता. एवढा मोठा माणूस एवढा लाल, म्हणजे साथ भयंकर आहे असं त्यांनी ठरवलं आणि दोन्ही फाटकं बंद केली. बस नाही, गाडी नाही, कुणी पलीकडं जायचं नाही. कधीपर्यंत, माहीत नाही.

मी पदर सावरत उठले. धाकटी बंद फाटकाकडं बघत होती, त्या एकुलत्या डोळ्यानं. तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ती फक्त डोळ्यावर हात ठेवून म्हणाली, पुन्हा चमकलं.

परत दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसलो. दुसरं जाणार कुठं? आत साहेब. साहेबांची खाट म्हणजे लोखंडी जाळी, कारण गाद्या कुठं होत्या ते त्यांना चांगलंच माहीत होतं. नळाला पाणी नाही, पंख्यात कबुतराचं घरटं. कंपाउंडर पांढरी गोळी घेऊन गेला. साहेबांनी ती त्याच्याच अंगावर फेकली आणि म्हणाले, या भिकार जाळीवर मी पाठ टेकणार नाही, माझी उशी आणा.

आता मला सांगा, मी काही म्हटलं का? मी तोंड उघडलंसुद्धा नाही. होयसाहेबानं गाडीतून उशी आणली आणि साहेबांनी तिच्यावर अंग टाकलं. सकाळी पुरळ जरा उतरायचं, दुपारी साहेब आईच्या मांडीवर डुलकी काढायचे आणि संध्याकाळी पुन्हा टोमॅटो. टॉर्चवाली रोज येऊन बघायची आणि म्हणायची, नाही, अजून आहे. त्यांनी फोन करून करून दवाखाना डोक्यावर घेतला. पाण्याचे टँकर आले. पंख्यासाठी जनरेटर आला. झाडूवाले आले, नर्सा आल्या. अहो, इतकी वर्षं अर्ज करून जे झालं नाही ते एका उशीनं करून दाखवलं.

मग साहेबांनी त्याच खाजऱ्या हातांनी डोळे चोळले.

ती किंकाळी पायरीवर ऐकू आली. मला दिसत नाही, मला दिसत नाही. डोळे सुजून भज्यासारखे. धाकटी उठून उभी राहिली आणि कान देऊन ऐकत राहिली. तिचा चेहरा त्या वेळी कसा होता ते मी नाही सांगणार. माझा मात्र सांगते, दिवाळखोराला खजिना सापडल्यासारखा होता.

साहेबांनी थेट पलीकडं फोन लावला. डॉक्टर पाठवा, आत्ता. आणि काय आश्चर्य, रोग्याला बंद असलेलं फाटक डॉक्टरला उघडलं. आली ती तीच, चष्मेवाली. तिनं साहेबांचे डोळे भरपूर पाण्यानं धुतले, थेंब घातले, म्हणाली काही झालेलं नाही, सूज उतरेल. पण साहेबांचा विश्वास बसेना. आतला पडदा बघा म्हणाले, पडदा गेला तर काय करू मी? आमच्या पायरीवर बसून हे ऐकायला किती गोड वाटलं म्हणून सांगू.

डॉक्टरीण म्हणाली, बघायला मशीन लागतं. कंपाउंडरनं कोपऱ्यातलं प्लास्टिक ओढलं. तिनं चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. म्हणाली, हे तर आमच्याकडच्यापेक्षा नवीन आहे. जनरेटर जोडला, मशीन घुरघुरलं. डॉक्टरीण साहेबांना म्हणाली, या, हनुवटी ठेवा.

आणि साहेब मागं सरकले. आयुष्यभर प्रत्येक दारातून पहिला घुसलेला माणूस. ते म्हणाले,

"नाही नाही, पडून असलेलं मशीन आहे. आधी दुसऱ्या कुणावर तरी लावून बघा."

मी धाकटीला दंडाला धरून इतक्या वेगानं आत नेलं की तिच्या चपला पायरीवरच राहिल्या. ही घ्या, म्हटलं, ही दुसरी कुणीतरी. साहेबांचे डोळे बंद होते, त्यांना दिसलं नाही कोण आलं ते. दिसलं असतं तरी ओळखलं नसतं.

डॉक्टरणीनं ओळखलं. हनुवटी ठेवून घेतली, आत पाहिलं, पुन्हा एकदा पाहिलं. मग म्हणाली, फाटलाय, पण सुटलेला नाही. म्हटलं, म्हणजे काय? म्हणाली, आजी, भोवती प्रकाशाचे टाके घालते, म्हणजे पडदा जागेवर राहील. बघा आता. टाके. कापूस घसरू नये म्हणून आम्ही घालतो तसेच. धाकटीला हसूच आलं. डॉक्टरीण म्हणाली, हलू नका. धाकटी म्हणाली, बारीक घाला हो, जवळजवळ घाला. तिथंही कारागिरी.

डोळा वाचला. तुमच्यासमोर बसलीय, विचारा किती दिसतं ते. परवा माझ्या भातातला खडा तिनं लांबून दाखवला.

साहेबांचा नंबर त्यानंतर लागला आणि आत काही निघालं नाही, घाबरटपणा सोडून. डॉक्टरणीनं मग पुरळाचं मूळ शोधायला उशी हातात घेतली. जरा दाबली. मनगट खाजवलं. उशीकडं पाहिलं, मग दारात उभ्या असलेल्या आमच्या दोघींकडं.  तिनं खिडकीतून बाहेर डोकावलं. बातमी पसरली होती, बसवाले सगळे पायऱ्यांवर येऊन बसले होते, कुणी डोळ्याला पट्टी, कुणी काठी टेकत. तिनं उशी पुन्हा साहेबांच्या पाठीशी नीट लावली, वरून थोपटली आणि होयसाहेबाला म्हणाली, यांना आराम पडू दे, हलवू नका, मला अजून काही दिवस इथं राहावं लागेल. होयसाहेब म्हणाला, होय साहेब.

ती सगळी रांग तिनं तपासून संपवली तेव्हाच साहेबांची उशी धुवायला गेली.

संपलं असं वाटलं ना? माझं नव्हतं संपलं. एक डोळा वाचला म्हणून गेलेला परत येतो का? साहेब बरे झाले आणि लगेच त्यांनी दवाखान्याच्या दारात फीत बांधायला लावली. चौथं उद्घाटन. कात्री सापडली होती. भाषणात म्हणाले, मी कुठं पलीकडं गेलो नाही, माझ्या लोकांच्या दवाखान्यात, माझ्या लोकांसारखा राहिलो. कॅमेरे होते, माईक होता. मी म्हातारी बाई, डोळ्याला पदर लावत पुढं गेले. लोकांना वाटलं आशीर्वाद द्यायला आली. मी माईक धरला आणि म्हटलं, साहेबांनी मला आत्ताच शब्द दिलाय, गुडघासुद्धा इथंच करणार, मरेपर्यंत दुसऱ्या दवाखान्याचं तोंड बघणार नाहीत. आणि अशी टाळी पडली म्हणता की साहेबांच्या हातातली कात्री अर्ध्या फितीत अडकली.

आता मागं कसे फिरणार? गुडघा इथंच झाला. करणारा डॉक्टर नुकताच नेमलेला पोरगा होता, हात बसायचा होता त्याचा. त्यानं जीव लावून केला, नाही असं नाही. पण साहेब चालतात ते बघितलंय ना तुम्ही? एक पाऊल टाकतात आणि दुसऱ्याची आठवण काढतात. दर महिन्याला येतात, रांगेत बसतात, कारण फोटोवाले बसलेले असतात. त्या दिवशी आम्ही दोघी मुद्दाम जातो. धाकटी त्यांच्या शेजारी बसते, गेलेला डोळा त्यांच्याकडं करून.  आणि ते खाजवायला लागतात. उशी नाही, लव नाही, काही नाही, तरी खाजवतात. माझा राग गेला का म्हणाल, तर नाही गेला. पण जरा मऊ ठिकाणी बसलाय.

झालं. शब्द न् शब्द खरा.

हो, हो, धाकटे, बघतेयस काय अशी टक लावून? दाताला हात लावून बघायला लागले मी, एक हलतोय खरा. बरं, सांगते. एक गोष्ट रचली मी यात. एकच. शेंगा मी आणल्या नाहीत, आणि उशीचं तोंडही मी शिवलं नाही. पाप लागेल असं म्हणाली ती मीच. ही भोळी बाई हातांना तेल लावून एका डोळ्यानं कुंपणं चाचपडत गेली आणि पिशवी भरून घेऊन आली. मला म्हणाली, तुम्ही गप बसा, जाऊबाई, तुमचा टाका त्यांना लगेच सापडेल.